आधी काय?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या उत्सव मंडळांचे कार्यकर्ते, महिला बचत गट आणि गल्लोगल्लीची वडीलधारी मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

मार्कंडेय महाराजांचा रथ फिरून गेला. आता गणपतीची वर्गणी सुरू होईल आणि संध्याकाळी लेझीमचा सराव. याच दिवसांत तुमच्याकडे एक मागणं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एक अधिकारी आले होते. आमच्याच अर्जावरून आले होते. तरुण होते, गमबूट घालून चिखलातून पार शेवटच्या घरापर्यंत चालत गेले, सगळं पाहिलं. परत कोपऱ्यावर येऊन वही उघडली आणि म्हणाले, "सगळं एकदम होणार नाही. यातलं आधी काय करू, ते सांगा." एकाने तुंबलेलं गटार सांगितलं, दुसऱ्याने नळाचं घाण पाणी, तिसऱ्याने मागच्या बाजूच्या बॉयलरचा धूर. एक बाई कुत्र्यांवर अडून बसल्या, दुकानदाराला गतिरोधक हवा होता. मग आमचेच आवाज आपसात चढले. ते दहा-पंधरा मिनिटं थांबले, वही मिटली, "तुमचं ठरलं की कळवा" म्हणाले आणि गेले.

मला त्यांचा राग आला नाही. आमचं खरंच ठरलेलं नव्हतं.

त्या रात्री मी जुन्या अर्जांच्या झेरॉक्स काढून बसले. मी एका शाळेत कारकून आहे, गल्लीत कुणाला अर्ज लिहायचा असला की माझ्याकडे येतात, त्यामुळे बहुतेक अर्ज माझ्याच अक्षरातले. एका गल्लीतून एका वर्षात सात विषय. प्रत्येकाखाली चार-पाच सह्या, आणि प्रत्येकात "अत्यंत तातडीचे" हे शब्द, तेही मीच लिहिलेले. सगळंच तातडीचं म्हटल्यावर समोरच्याने काय उचलायचं? हे मला फार आधी कळायला हवं होतं.

म्हणून या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही एक गोष्ट करून पाहिली. ती तुम्हीही आपापल्या गल्लीत करावी, एवढंच माझं मागणं आहे.

माझ्या भाचीने वहीच्या पानांवर चित्रं काढली. तुंबलेलं गटार, नळाखालची घागर, धुराडं, पेटलेला कचरा, डास, कुत्रं, माग, डीजेचे भोंगे, पत्र्याच्या घरावर तळपणारा सूर्य. अक्षर एकही नाही, कारण आमच्याकडे कुणाला तेलुगू वाचता येतं, कुणाला मराठी, कुणाला कन्नड आणि बऱ्याच अव्वांना, म्हणजे म्हाताऱ्या बायकांना, यातलं काहीच नाही. चित्रं जमिनीवर मांडली. प्रत्येकाच्या हातात सात चिंचोके दिले. ज्याचा त्रास जास्त, तिथे जास्त ठेवा. वाटलं तर सातही एकाच चित्रावर.

पहिल्या दिवशी रात्री आठला मंडळाच्या शेडमध्ये बसलो. आले ते बहुतेक पुरुष. गटारावर आणि कुत्र्यांवर मोठे ढीग पडले. मी लगेच यादी करायला घेतली होती. आमच्या आशाताईंनी, म्हणजे वस्तीतल्या आशा आरोग्य स्वयंसेविकेने, हात धरला. म्हणाल्या, "दिवसभर गल्लीत असणारं यात कोण आहे?"

कुणीच नव्हतं.

मग दुसरी बैठक दुपारी तीनला घेतली. विड्या कारखान्यात देऊन, दुसऱ्या दिवसाची पानं-तंबाखू घेऊन बायका परतलेल्या असतात ती वेळ. ढीग घागरीवर पडला आणि त्याखालोखाल डासांवर. एकीने सातही चिंचोके घागरीवर ठेवले. मी विचारलं, "गटार नको का?" ती म्हणाली, "गटार ओलांडून जाता येतं ताई. पाणी प्यावंच लागतं."

तिसरी बैठक सकाळी साडेसातला, चहाच्या गाड्यावर, रात्रपाळी करून आलेल्या माग कामगारांची. भुवयांवर सुताचा फुफाटा तसाच होता. मला वाटलं होतं हे मागाच्या आवाजावर किंवा सुताच्या धुळीवर ठेवतील, कारण सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती जड होते असं त्यांच्यातले बरेच जण सांगतात. त्यांनी ठेवले डासांवर. कारण साधं आहे, पण माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि ही माणसं दिवसा झोपतात. मच्छरदाणी बांधायची ती रात्री, अशी आपल्या सगळ्यांची समजूत. फवारणीची गाडीही संध्याकाळी येते, तेव्हा हे पुन्हा कामावर निघालेले असतात.

एकच गल्ली, तीन वेळा विचारलं आणि तीन वेगवेगळी उत्तरं आली. पहिल्या रात्रीवर थांबलो असतो तर "रहिवाशांची मागणी" म्हणून आम्ही जे दिलं असतं, ते निम्म्या गल्लीचं नसतं.

आता त्या दुपारच्या बैठकीतली एक गोष्ट सांगते, जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले.

बायका उठायच्या बेतात होत्या. आमच्या गल्लीतल्या एक सत्तरीच्या अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्या हातात चिंचोके तसेच होते. त्या उठल्या, घरात गेल्या आणि आपलं सूप घेऊन आल्या. त्यात भिजवून कापलेली पानं, सुताची रिळं, कातर, वळलेल्या थोड्या विड्या आणि बाजूला तंबाखूचा ढीग. शेवटच्या चित्राशेजारी त्यांनी ते सूप खाली ठेवलं आणि सातही चिंचोके त्यात टाकले. "याचं चित्र कुणी काढलंच नाही," एवढंच म्हणाल्या.

कुणी काही बोललं नाही. माझ्या आईने तीस वर्षं विड्या वळल्या. आमचं शिक्षण, माझं लग्न, सगळं त्या सुपातून आलं. तंबाखूची पिशवी सुपात उलटी केली की घरभर शिंका सुरू व्हायच्या. आम्ही भावंडं कुणाला किती शिंका आल्या ते मोजायचो, तो आमचा खेळ होता. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत पाळणा. आईचे हात कितीही धुतले तरी भाकरीला तो वास असायचा आणि आम्हाला तो भाकरीचाच वास वाटायचा. जिने आयुष्यात एक विडी ओढली नाही, तिच्या श्वासातून आणि कातडीतून तंबाखू रोज अंगात जात होती. निकोटीन हाताच्या कातडीतूनही शिरतं, त्यासाठी धूर लागत नाही. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. आणि तरीही सात विषयांचे अर्ज लिहिताना माझ्या मनात हा आठवा विषय आला नाही. चित्रं काढायला सांगतानाही आला नाही. जे जन्मापासून घरात आहे, ते माणूस त्रास म्हणून मोजत नाही.

सूर्याच्या चित्राचंही तसंच झालं. त्यावर तिन्ही बैठकांत मिळून दोन-तीनच चिंचोके. "सोलापुरात राहून उन्हाची काय तक्रार करायची?" पण मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत बाळंतीण आणि तान्हं मूल दुपारभर असतं, आणि शेजारी विडी वळणाऱ्या बाईने पानं सुकतील आणि तंबाखू उडेल म्हणून पंखा बंद ठेवलेला असतो. आशाताईंनी हे बोलून दाखवल्यावर बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

विडीच्या धुळीबद्दल मोठ्याने बोलायला बायका घाबरतात, हे मला माहीत आहे. धूळ वाईट म्हटलं तर उद्या काम काढून घेतील, हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर चालणारं घर बसेल. ही भीती खोटी नाही. म्हणून स्पष्ट लिहिते, काम बंद करा असं आमच्यातलं कुणीही म्हणत नाही. आम्ही आत्ता एवढंच सुरू केलं आहे: तंबाखू ओट्यावर, वाऱ्याकडे पाठ करून ओतायची. पाळणा खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा. कणीक मळायच्या आधी साबणाने हात धुवायचे. पानांचे कातरे बंबात जाळायचे नाहीत. आणि घरकुलाच्या नव्या योजना येतील तेव्हा खोलीला समोरासमोर खिडक्या असाव्यात, वळायला धाब्याखाली वेगळी मोकळी जागा असावी, ही मागणी आपण सगळ्यांनी एका आवाजात करायची. घराचा नकाशा काढणाऱ्याला त्या घरात कारखानाही चालणार आहे हे माहीत नसेल, तर ते सांगणं आपलं काम आहे.

ढीग पडले म्हणजे क्रम लागला, असं नाही. जे सारखं डोळ्यांपुढे असतं आणि ज्याची चीड येते, त्यावर चिंचोके जास्त पडतात. सगळ्यात जास्त अपाय त्याचाच होतो असं नाही. म्हणून चौथ्या बैठकीला आम्ही प्रत्येक ढिगासमोर बसून तीन प्रश्न विचारले. याने आजारी कोण पडतं आणि किती? थांबलो तर वाढेल का? आणि यातलं आपल्या हातात किती, कार्यालयाच्या हातात किती? आशाताईंनी वहीतून नावं न सांगता गेल्या वर्षभरातले ताप, जुलाब, खोकला वाचून दाखवले. रात्री अकरापर्यंत वाद चालला. शेवटी पाणी पहिलं आलं.

पाणी म्हणजे नेमकं काय, तेही सांगते, नाहीतर "पाणीप्रश्न" म्हणून पुन्हा मोघम अर्ज जाईल. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत पाइप रिकामा असतो, आत दाब नसतो. आमच्या गल्लीत घरोघरचे नळजोड गटार ओलांडून जातात, आणि ओलांडतात ते गटाराच्या पोटातून. पोरांनी उघडीप असताना काठी घेऊन पाहिलं, कित्येक पाइप गंजलेले आणि सांध्याला चिंधी गुंडाळलेली. पाइप रिकामा असला की गटाराचं पाणी त्या फटीतून आत येतं. पाणी सुटल्यावर आपण सगळे टिल्लू मोटार लावतो, ती तर बाहेरची घाण आणखी ओढते. म्हणून सुरुवातीला वास येतो. दोन घागरी फेकून दिल्या की पाणी स्वच्छ दिसतं, पण स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं यात फरक आहे. आशाताईंकडे ओटी टेस्टची बाटली असते. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा, म्हणजे क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोचलं. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम तरी हवं. गल्लीच्या तोंडाशी पिवळं येतं आणि शेवटच्या घरी पांढरं राहतं, हे आम्ही स्वतः पाहिलं.

मग आमची पहिली मागणी "मुबलक पाणी द्या" अशी राहिली नाही. गटारातले नळजोड वर उचलून आवरणातून न्या, शेवटच्या घराच्या नळाची तपासणी करा आणि पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येणार ते पक्कं सांगा, अशी झाली. यातल्या शेवटच्या गोष्टीला पैसे लागत नाहीत, आणि डासांचा निम्मा प्रश्न तिच्यातच आहे. पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की कुणीही बॅरल रिकामं करत नाही. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडं कोरडं केलं तर ती साखळी तुटते. नुसतं ओतूनही भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या कडेला आतल्या बाजूला चिकटतात आणि कोरडी होऊनही महिनोन्महिने टिकतात. घासावं लागतं. पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी बॅरल घासायचं, हे वेळ पक्की असेल तरच जमतं. वेळ कळवणं त्यांचं, घासणं आपलं.

गटार यामुळे तिसऱ्या नंबरावर गेलं. पुरुषमंडळी थोडी नाराज झाली, मग पाइपचं समजल्यावर गप्प बसली.

दुसरा नंबर धुराला. इथे आम्हाला स्वतःकडेच पाहावं लागलं. मागच्या बॉयलरमध्ये लाकडाबरोबर चिंध्या आणि प्लास्टिक जळतं, हे वासावरून कळतं, त्याबद्दल आम्ही त्या मालकांशी बोलतो आहोत. पण सकाळी सहाला कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग पेटवतं कोण? आपलंच कुणीतरी. घंटागाडी चुकली की पेटवून मोकळे. थंडीत तो धूर वर जातच नाही, पत्र्यांच्या उंचीवर तरंगत राहतो आणि शाळेत निघालेली पोरं त्यातून जातात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हा हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव होतं. त्यातून शहरात रस्ते झाडायची यंत्रं, झाडं, कारंजी अशी कामं निघतात. ती व्हावीत. पण आमच्या गल्लीच्या नाकात जे जातं ते कोपऱ्यावरच्या ढिगातून जातं. घंटागाडीची वेळ विडी कारखान्याच्या वेळेशी जुळवली तर निम्मे ढीग लागणारच नाहीत, कारण सकाळी बायका पानं आणायला गेलेल्या असतात आणि गाडी तेव्हाच येऊन जाते.

मंडळांना पत्र लिहिते आहे, म्हणून पुढचं टाळणार नाही. शाळेतल्या मुलांची वेगळी बैठक घेतली, तेव्हा सगळ्यात मोठा ढीग डीजेच्या भोंग्यांवर पडला. मागाच्या आवाजावर त्यांनी फारसे ठेवले नाहीत, त्या आवाजात ती जन्मली आहेत. माग कामगार घरी आला तरी ओरडूनच बोलतो, कारण वर्षानुवर्षं त्या खडखडाटात कान गेलेले असतात, आणि त्यालाही आपण सवय म्हणतो. कायद्याने राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मागाच्या आवाजावर तोडगा काढणं अवघड आहे, त्यावर घरं चालतात. डीजेवर कुणाचं घर अडलेलं नाही. आपल्याकडे लेझीम आहे, आपल्या लेझीमला लांबून लोक बघायला येतात. ताशावर आणि हलगीवर मिरवणूक निघू शकते हे तुम्हीच वर्षानुवर्षं दाखवलं आहे. यंदा तेवढंच दाखवा.

काही गोष्टी आम्ही मागे ठेवल्या. गतिरोधक यंदा नाही. गटाराच्या भिंतीवर रंगीत चित्रं काढायचा एक प्रस्ताव आला होता, तोही नाही. कुत्र्यांचा प्रश्न क्रमातून बाहेर काढून वेगळा ठेवला, कारण कुत्रं चावलं तर रेबीजची लस त्याच दिवशी घ्यायची असते, ती रांगेत थांबत नाही. दुकानदार दादा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. हे होतंच. एक गोष्ट आधी ठेवायची तर दुसरी मागे जाते, आणि ती ज्याची असते त्याला लागतं. पण आपल्यातल्या आपल्यात हे वाईटपण घेतलं नाही तर बाहेरचं कुणीतरी आपल्या वतीने ठरवतं.

आता तुमच्याकडे का आले, ते सांगते. तुमची पोरं वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन प्रत्येक दारात जातात. कोणतं घर दिवसा बंद असतं, कुठे रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो, कुठे बाळंतीण आहे, कोणती अव्वा एकटी राहते, हे तुमच्याइतकं कुठल्याच सर्वेक्षणाला माहीत नाही. पावती फाडताना प्रत्येक घराला एकच विचारा: तुमच्या घरात आजारपण कशाने येतं, आणि आधी काय व्हायला हवं? घरात जी बाई असेल तिला विचारा, तिच्या वतीने दुसऱ्याला नको. बचत गटांनी दुपारची बैठक घ्यावी, मंडळांनी रात्रीची, आणि रात्रपाळीवाल्यांसाठी कुणीतरी सकाळी चहाच्या गाड्यावर जावं. आपल्या महापालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्र सभेची तरतूद आहे. मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातली कामं आणि त्यांचा अग्रक्रम सुचवायचा, हाच तिचा हेतू. ती बोलावली जाईल तेव्हा आपल्या हातात कागद तयार असावा. पाच गल्ल्यांचा क्रम एकत्र केला आणि त्यातले पहिले दोन विषय जुळले, तर पुढच्या अंदाजपत्रकाआधी तो एकच अर्ज घेऊन आपण सगळे मिळून जाऊ. तो अर्ज मी लिहीन, आणि "अत्यंत तातडीचे" हे शब्द त्यात एकदाच येतील.

चिंचोके धुवून, वाळवून ठेवले आहेत, दोन किलो भरतील. भाचीने चित्रांचे आणखी चार संच काढले आहेत, आता त्यात सुपाचंही चित्र आहे. ज्या गल्लीला हवेत तिने आशाताईंकडे निरोप द्यावा. मी संध्याकाळी सहानंतर घरी असते, स्वतः घेऊन येईन.

आपली,
अक्कलकोट रोड एमआयडीसीमागच्या वस्तीतली एक रहिवासी
सोलापूर